दोन मिनिटांचं काम

४ नोव्हेंबर, सोमवार

आज पुन्हा इंटरनेटची लाईन गेली. गुडघ्याचे डॉक्टर एका बहिऱ्या सुताराला गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगत होते, मी पडद्यावरून त्याला खुणांनी समजावत होते आणि माझे हात हवेत असतानाच पडदा गोठला. परत जोडणी होईपर्यंत डॉक्टर पुढच्या पेशंटकडे निघून गेले होते. सुतार एकटाच खुर्चीत. त्याने मला विचारलं, "जेवणाआधी की नंतर?" आणि मला ते ठाऊक नव्हतं.

हॉस्पिटलने मला हे दुभाषाचं काम घरून करायला सांगितलं तेव्हा किती बरं वाटलं होतं. जाण्यायेण्याची दगदग नाही, स्वयंपाकघरामागची छोटी खोली, मागे एकरंगी पडदा लावला की हात उठून दिसतात. दार लावून घेतलं की मी आणि माझी माणसं. आता मात्र रोज धाकधूक. थोरल्या बहिणीमुळे ही खुणांची भाषा मी बोलायच्या आधी शिकले. ताई जन्मतः बहिरी होती. ह्या भाषेत अर्धवट सोडलेलं वाक्य म्हणजे काय, ते मला कुणी सांगायला नको.

ह्यांना सांगितलं. ह्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजात गेली, त्यामुळे घरातली तार न् तार त्यांच्या अखत्यारीतली. दिवाणखान्यातल्या खालच्या फळीवर दोन पेट्या आहेत. एक कंपनीचा मोडेम, बाहेरची लाईन आत आणणारा. दुसरी ह्यांनी स्वतः आणलेली, ती लाईन घरभर वाटून देते. मोडेमचं डोकं ह्यांनी मुद्दाम बंद करून ठेवलंय. "त्याला पोस्टमन केलाय," असं ते पाहुण्यांना सांगत. "पत्रं फोडायची नाहीत, नुसती पोचवायची."

"बघतो," म्हणाले.

५ नोव्हेंबर, मंगळवार

कंपनीला फोन केला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी. म्हणाली, "मॅडम, मोडेमचं पान उघडा. त्यात सिग्नलचे अंक असतात, ते मला वाचून दाखवा. अंक खराब असतील तर लाईन बदलून देऊ."

तिने सांगितलेला आकड्यांचा पत्ता टाकला. पान काही उघडेना. दुसरा पत्ता टाकला तर ह्यांच्या पेटीचं पान उघडलं. मधे ही पेटी असल्यामुळे घरातून मोडेमपर्यंत पोचताच येत नाही, असं तिचं म्हणणं. म्हणजे माझ्याच घरातली वस्तू, हाताच्या अंतरावर, आणि मला तिचं तोंड दिसत नाही.

आणखी एक गोष्ट ती म्हणाली, "आमच्याकडे असं दिसतंय की मोडेमची वीजच जाते मधूनमधून." पण माझ्या खोलीतला दिवा तर चालू असतो. अडॅप्टर सैल झाला असणार.

ह्यांना विचारलं, मोडेमचं पान कसं उघडायचं. हसले. "त्यात काय? दोन मिनिटांचं काम. चहा घेऊन करतो." चहा झाला आणि नळ गळतोय म्हणून तिकडे वळले. संध्याकाळी आठवण केली तर "उद्या".

७ नोव्हेंबर, गुरुवार

आज जे झालं ते नोंदवून ठेवायलाच हवं.

बेकरीत काम करणारी एक बाई. माझ्याहून लहान. बोटांवर भट्टीचे जुने डाग, आणि त्या बोटांची भाषा किती सुंदर. तिच्या छातीत गाठ आहे. ऑपरेशन करणारे डॉक्टर घाईत होते, पण वाईट नव्हते. ते म्हणाले, "गाठ काढू." मी ते सांगितलं. मग म्हणाले, "पण आत पाहिल्यावर पसरलेली दिसली तर..." आणि पडदा काळा.

जोडणी झाली तेव्हा खोलीत फक्त हॉस्पिटलच्या समन्वयक बाई होत्या. म्हणाल्या, "झालं सगळं. डॉक्टरांनी लिहून दाखवलं, त्यांनी मान हलवली, सही केली."

मान हलवली. ताईसुद्धा अशीच मान हलवायची. काही कळलं नाही की हसून मान हलवायची, म्हणजे समोरचा सोडून देतो. ती मान मी दहा माणसांत ओळखते.

मी आग्रह धरला. बाईला परत बोलावून विचारलं. तिला वाटत होतं, गाठ काढणार, टाके घालणार, आठवड्यात भट्टीवर हजर. गरज पडली तर पूर्ण स्तन त्याच वेळी काढणार, याला आपण होकार दिलाय हे तिच्या गावीही नव्हतं. ते ऐकून, म्हणजे पाहून, तिचे हात मांडीवर पडले ते उठलेच नाहीत.

सही रद्द करायला लावली. पुन्हा नीट बोलणं १९ तारखेला. समन्वयक बाई एवढंच म्हणाल्या, "त्या दिवशी लाईन राहील ना तुमची?"

मी राहील म्हटलंय.

११ नोव्हेंबर, सोमवार

ह्यांना झालंय तरी काय? नवीन अडॅप्टर आणायला बाजारात पाठवलं, दिव्याचा बल्ब घेऊन आले. म्हटलं, "हे काय?" तर म्हणाले, "अंधारात अडॅप्टर दिसणार कसा?" मला हसू आलं आणि रागही. दुकान चार पावलांवर, आणि यायला केवढा वेळ. लांबून फिरून आलो म्हणाले, पाय मोकळे करायला.

दुसरं खूळ म्हणजे चिठ्ठ्या. घरातल्या प्रत्येक तारेला कागदाची चिठ्ठी बांधतायत. "टीव्ही." "टेबलदिवा." किटलीच्या वायरलासुद्धा "किटली". मी म्हटलं, माझ्याही मनगटाला बांधा, "बायको". त्यावर हसले नाहीत.

बुद्धिबळ खेळायला मित्राकडे जाणंही बंद केलंय. तो म्हणे आपली पाळी नसताना सोंगट्या हलवतो. इतक्या वर्षांची मैत्री, आणि आता हे.

मोडेमचं विचारलं की "उद्या". आज वार कोणता ते तरी माहीत आहे का, असं मी चिडून विचारलं. "रिटायर्ड माणसाला रोज रविवार." बोलण्यात कुणी हात धरणार नाही ह्यांचा.

मला एकच उमगतं. मी कमावते, मी दार लावून बसते, माझ्यासाठी फोन येतात, हे त्यांना सहन होत नाहीये. बोलून दाखवत नाहीत, एवढंच.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

कंपनीचा माणूस येणार होता. मी खोलीत कामात होते. बाहेर आले तर कुणीच नाही. ह्यांनी त्याला दारातूनच परत पाठवला.

"का?"

"कशाला हवाय? ही लाईन मी ओढलीय. त्याने एक प्रश्न असा विचारला, की ह्याला काही येत नाही हे मला तिथेच कळलं."

"काय विचारलं त्याने?"

"काहीतरी आचरटासारखं."

"पण काय?"

 पेपर उघडून बसले. पान उलटल्याचा आवाज बराच वेळ आला नाही. जेवताना आम्ही दोघं ताटाशी बोललो.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

लेकीला फोन केला. ती दुसऱ्या शहरात, पण ह्या बाबतीत बापावर गेलीय. म्हणाली, "आई, बाबांच्या पेटीतून जाऊच नकोस. मोडेममधून वायर थेट तुझ्या कॉम्प्युटरला लाव." मग कॉम्प्युटरला हाताने एक पत्ता द्यायला लावला, मोडेमच्या पत्त्यासारखाच, फक्त शेवटचा आकडा वेगळा. एकाच आळीत राहिलं की हाक ऐकू येते, तसं काहीसं.

आणि पान उघडलं. करडं, साधं. दोन रिकाम्या चौकटी, नाव आणि पासवर्ड. मला इतका आनंद झाला. मोडेमच्या पोटाला चिकटवलेला पासवर्ड टाकला, तर चुकीचा. ह्यांनी पूर्वीच बदललेला.

ह्यांना बोलावलं. लेक फोनवर ऐकत होती. हे ऐटीत खुर्चीत बसले, बोटं चालवली. चुकीचा. "कळ नीट बसली नाही." पुन्हा. चुकीचा. तिसऱ्यांदा बराच वेळ बोटं कळांवर नुसती ठेवून बसले, मग काहीतरी टाकलं. पानाने थोडा वेळ दारच बंद केलं.

लेक हळूच म्हणाली, "बाबा, आठवत नाहीये का?"

"आठवायचं काय त्यात? पाठ आहे मला. हिने काहीतरी बदललंय. हल्ली घरात सगळंच कुणीतरी बदलून ठेवतं."

माझा तोल गेला. लेकीदेखत बोलले, "तुम्ही मुद्दाम करताय. माझं काम तुमच्या डोळ्यांत खुपतंय. तिकडे एका बाईच्या जिवाचा प्रश्न आहे आणि तुम्ही मानापमान घेऊन बसलात."

ते टेबलाची कड धरून उठले आणि आत गेले. मी मागून गेले नाही.

लेकीने विचारलं, "आई, बाबा बरे आहेत ना हल्ली?"

"त्यांना काय धाड भरलीय? ठणठणीत आहेत. फक्त डोकं फिरलंय."

ती मग म्हणाली, शेवटचा उपाय म्हणजे मोडेमच्या मागच्या भोकात टाचणी घालून सगळं पुसून टाकणं. पण मग बाबांनी केलेली सगळी मांडणी जाईल. मी नको म्हटलं. कितीही भांडले तरी त्यांनी उभं केलेलं मी कसं पुसू? डायरीत लिहायला हरकत नाही, पासवर्ड त्यांच्याकडूनच वदवून घ्यायचा हट्टही होताच.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

अबोला. काम करताना लाईन गेली, आली, गेली.

१८ नोव्हेंबर, सोमवार

सगळं आजच लिहून काढते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

दुपारी बाजारात निघाले. जिना उतरल्यावर पाकीट विसरल्याचं लक्षात आलं. परत येऊन माझ्या किल्लीने दार उघडलं. हे फळीसमोर उकिडवे बसले होते. दोन्ही पेट्या जमिनीवर, सगळ्या तारा उपसलेल्या, चिठ्ठ्यांसकट. दोन हातांत दोन टोकं. दार उघडल्याचं त्यांना ऐकू आलं नाही.

पहिल्यांदा काय मनात आलं ते लिहिते. चोर सापडला, असं आलं. म्हणजे हेच उपटत होते. 

मग त्यांचं पुटपुटणं ऐकू आलं. "ही इथून आत. मग ही हिच्यात. मग ही..." थांबले. हातातलं टोक फिरवून पाहिलं. चिठ्ठी वाचली. आणि पुन्हा पहिल्यापासून, "ही इथून आत." त्यांचा चेहरा मला बाजूने दिसत होता. स्वतःच्याच गल्लीत चुकलेल्या माणसाचा चेहरा.

"अहो," म्हटलं.

दचकले. हातातली तार पाठीमागे घेतली.

"काय करताय?"

"काही नाही गं. दोन मिनिटांचं काम."

मी पिशवी ठेवून त्यांच्याशेजारी खाली बसले. "रोज करता?"

त्यांनी तार पुढे घेतली. "रोज. तू आत गेलीस की. दार लावलेलं असतं ना तुझं, दिसत नाही तुला. मला वाटतं, एकदा सगळं काढून पुन्हा लावलं की हाताला आठवेल. डोक्याला नाही तर नाही. हे हातानेच केलेलं आहे."

"पण मी आत असते तेव्हाच तर मला लाईन लागते."

त्यांनी पेट्यांकडे पाहिलं. मग माझ्या खोलीच्या दाराकडे. मग पुन्हा पेट्यांकडे. एक्स्चेंजातला माणूस. शहराची लाईन गेली तर जेवणावरून उठून जाणारा माणूस. त्यांना ते उलगडताना मी पाहत होते, आणि मला दिसत होतं की हे त्यांना आज पहिल्यांदा उलगडत नाहीये; उलगडतं आणि पुन्हा पुसलं जातं.

"हे मला माहीत होतं," ते म्हणाले. "हे मला माहीत होतं गं."

माणसांचे चेहरे वाचण्यावर माझं पोट चालतं. बेकरीवालीची मान मला न पाहताही कळली. आणि ह्यांची मान, ह्यांचे विनोद, तो बल्ब... आणि मी ह्यांना लेकीदेखत काय काय बोलले.

 मग तेच म्हणाले, "उद्या तुझी ती बाई आहे ना?" कसं कुणास ठाऊक, हे लक्षात होतं.

"आहे. सगळं पुसावं लागेल. तुम्ही केलेलं सगळं जाईल त्यात."

"पूस."

मी टाचणी आणायला उठले. "टाचणी नको," ते म्हणाले, "मऊ असते, वाकेल. कागदाची क्लिप सरळ कर. आणि लगेच सोडू नकोस. सगळे दिवे एकदम लागेपर्यंत दाबून धर." आवाज एकदम जुना. क्लिप त्यांनीच सरळ केली. मी मोडेम धरला, त्यांनी दाबलं. दिवे विझले, एकदम लागले, मग एकामागून एक स्थिर झाले. मोडेमच्या पोटावरचा पासवर्ड त्यांनी भिंगातून एकेक अक्षर वाचला, मी टाकला. आतलं पान उघडलं. कंपनीला फोन लावला, त्या मुलीने तिच्या बाजूनेच बाकीचं सगळं भरलं. ह्यांची पेटी आता लागतच नाही.

सिग्नलचे अंक मी तिला वाचून दाखवले.

"उत्तम आहेत, मॅडम," ती म्हणाली. "लाईनला काही झालेलंच नव्हतं."

१९ नोव्हेंबर, मंगळवार

लाईन राहिली.

आज डॉक्टरांनी सावकाश सांगितलं. बेकरीवालीने सगळं समजून घेतलं, मग विचारलं, "मी झोपेत असताना कोण ठरवणार?" डॉक्टर म्हणाले, "तुम्ही आधी परवानगी दिलीत तर मी." तिने मान हलवली नाही. बराच विचार केला. मग तिचे डागाळलेले हात उठले. "आधी नुसती गाठ काढा. मला उठवा. काय सापडलं ते मला सांगा. मग मी ठरवेन." डॉक्टर म्हणाले, तसं केलं तर कदाचित दोनदा भूल द्यावी लागेल. ती म्हणाली, "चालेल. मला जागेपणी कळायला हवं."

डॉक्टर राजी झाले. तिने जाताना पडद्याजवळ येऊन माझे आभार मानले.

समन्वयक बाईंना सांगितलं, बिघाड आमच्या घरातला होता. कुठला, ते सांगितलं नाही.

माझं काम चालू होतं तोवर हे दिवाणखान्यात हाताची घडी घालून बसून होते. फळीकडे पाठ करून.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

ह्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेले. लेक आली होती, ती बाहेर बसली. अशा खोल्यांत मी किती वेळा बसलेय, पण कायम मधल्या माणसाच्या खुर्चीत. नातेवाइकाची खुर्ची बुटकी असते, हे आज कळलं.

डॉक्टर बाई तरुण, शांत. एक्स्चेंजचं विचारलं तर हे फुलले. जुन्या यंत्रांचा आवाज, पुराच्या वर्षी होडीतून केबल कशी नेली, सगळं तपशीलवार. मला वाटलं, चुकलंच आपलं, ह्यांना काही झालेलं नाही. मग बाईंनी तीन साधे शब्द दिले आणि गप्पा मारून झाल्यावर परत विचारले.

"एवढ्यासाठी डॉक्टर झालात?" हे म्हणाले.

मी हसले असते. बाई हसल्या नाहीत. नुसत्या थांबल्या. विनोद संपला आणि खोलीत काहीच उरलं नाही. मग ह्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. तिन्ही शब्द मला आठवत होते. आमच्या कामाचा पहिला नियम असा, की समोरच्याच्या वतीने उत्तर द्यायचं नाही. मी हात मांडीवर घट्ट दाबून ठेवले. आजवर हा नियम पाळणं एवढं कठीण कधी गेलं नव्हतं.

तपासण्या करायच्या आहेत. पण स्मृतिभ्रंशाची सुरुवात झालीय, असं बाईंनी दोघांनाही स्पष्ट सांगितलं. गोळ्यांनी वेग थोडा कमी होईल. मागे फिरणार नाही.

परत येताना लेक पुढे चालत होती. हे म्हणाले, "त्या काय म्हणाल्या ते पुन्हा सांग. गाळू नकोस. त्या बाईला सांगतेस तसं सांग."

भर रस्त्यात थांबून सांगितलं. एकही शब्द मऊ केला नाही. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली. मी विचारलं, "कळलं, की नुसती मान हलवताय?"

"कळलं," म्हणाले. "आत्ता तरी."

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

लेक सकाळी गेली. जाताना बजावून गेली की मोडेमच्या पोटावरचा पासवर्ड तसाच ठेवू नका, नवा घाला. दुपारी मी मोडेमचं पान उघडलं. आता खोलीतूनच उघडतं, वायर लागत नाही, काही नाही. ह्यांना हाक मारली. म्हटलं, "या, बसा. तुम्हीच ठेवा नवा."

आले. खुर्चीमागे उभे राहिले, बसले नाहीत.

"तूच ठेव. आणि मला सांगू नकोस."

"असं का? घर तुमचंही आहे."

"आहे ना. पण मला मुळात माहीतच नसेल तर तो मी विसरणार नाही. तेवढा एक तरी."

मला पडदा दिसेना. डोळे पुसले आणि टाकला. दुसऱ्या चौकटीत पुन्हा तोच टाकायचा असतो, तोही टाकला. ते खिडकीकडे तोंड करून उभे होते, मला उघड उघड दिसावं असे.

"लांब ठेवलास ना?"

"ठेवला."

"मधे आकडे घातलेस?"

"घातले."

"वाढदिवस वगैरे नाही ना?"

"नाही."

"मग ठीक आहे," ते म्हणाले, आणि किटली लावायला गेले.